शेवटच्या परिच्छेदातले आभार

टकळीचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहायचं. घरी, जिन्यात, कोपऱ्यावरच्या दुकानात ती टकळीच, कारण एकदा तोंड उघडलं की समोरचा माणूस हात जोडेपर्यंत ते मिटत नसे. फक्त इंग्रजीच्या तासाला तिची दातखीळ बसायची. आठवीपर्यंत ती तो तास शेवटच्या बाकावर, पुढच्या मुलीच्या वेणीमागे लपून काढत असे. नववीत नवे सर आले आणि काय जादू झाली कोण जाणे, दिवाळखोर दुकानाचं शटर उघडावं तसं तिचं इंग्रजी एकदम करकरत उघडलं. सहामाहीत ती वर्गात पहिली आली. त्यानंतर तिने पाटीपासून पावडरच्या डब्यापर्यंत जिथे जिथे इंग्रजी छापलेलं दिसेल तिथे ते मोठ्याने वाचून दाखवायचा सपाटा लावला.

सरांची एक खोड होती. वहीत मोघम काही लिहिलं की ते समासात लाल शाईने एकच शब्द लिहायचे: कशाबद्दल? आभाराचं पत्र शिकवताना तर त्यांच्या लाल पेनाला ऊतच आला होता.

"आभार दोनदा मानायचे," सर म्हणाले. "एकदा सुरुवातीला, ज्याच्यासाठी पत्र लिहिताय त्याबद्दल. आणि एकदा शेवटी. पण शेवटी नुसतं 'पुन्हा एकदा आभार' लिहून सही ठोकाल तर ते रिकामं पाकीट झालं. वाचणाऱ्याला कळतं की तुमचं लक्ष आता सहीकडे आहे. शेवटच्या परिच्छेदात एक अधिकची गोष्ट शोधा. समोरच्याने केली, पण मिरवली नाही अशी. ती नेमकी लिहा, बारकाव्यासकट. मग ते खरे अधिकचे आभार."

टकळीला हे फार म्हणजे फारच आवडलं. तिने घरी येऊन भातासाठी आईचे इंग्रजीत आभार मानले आणि अधिकचे आभार करपलेला थर खाली ठेवून वरचा वाढल्याबद्दल. आई म्हणाली, "काय म्हणालीस?" टकळीने सांगितलं. आई हसली आणि तिने उरलेला करपलेला थर स्वतःच्या ताटात ओढून घेतला.

आई इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. शहरातल्या पाच-सहा इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे गाड्या भरभरून तिथे यायचे. धुलाईखान्याच्या दोन बाजू होत्या. ओल्या बाजूला यंत्रं, वाफ आणि हातांची सालं काढणारं औषधी पाणी. कोरड्या बाजूला घड्या घालायचा लांबलचक हॉल. आई कोरड्या बाजूला होती आणि हे तिचं मोठंच नशीब आहे असं ती सांगायची. बाबा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे आईचं जे काही सांगणं असे ते टकळीला.

पण आईची सांगायची तऱ्हा अशी की कामावरचं वाईटसाईट ती फाटकाजवळच झटकून यायची. घरी आणायची ते सगळं चांगलं. आज रोलरमधून निघालेल्या चादरी इतक्या ऊबदार होत्या की गालाला लावाव्याशा वाटल्या. आज बुटक्या मावशीने साहेबांच्या चालीची नक्कल केली. आणि, हे तर टकळीने शंभरदा ऐकलं होतं, आमच्या शिट्टीबाईंनी मला बसायला दिलंय.

शिट्टीबाई म्हणजे कोरड्या बाजूच्या मुकादम. गळ्यात दोरीला शिट्टी, गाडी आली की ती फुंकायची, म्हणून मागे सगळ्या त्यांना शिट्टीबाई म्हणत आणि समोर ताई. आईच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या, दोरखंडाला पीळ बसावा तशा. संध्याकाळी ती पाय भिंतीला वर टेकवून आडवी व्हायची, तेव्हा टकळीला त्या बघवत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सतत उभं राहिलात तर एखादी गाठ फुटेल आणि मग ती जखम लवकर भरायची नाही. हे आईने शिट्टीबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी उत्तर काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटच्या टेबलामागे एक पालथं क्रेट होतं आणि त्यावर चार पदरी घडी घातलेलं जुनं ब्लँकेट.

"तिथे बसून अभ्रे घडी करते," आई सांगायची. "राणीसारखी."

तर एका मंगळवारी आई घरी आली ती हातात खोका घेऊन. खोक्यात बूट. पांढरे, मऊ तळव्याचे, आतून ढगासारखे. वरच्या ऑफिसने, म्हणजे जिथून सगळी फर्मानं यायची पण जिथे कोणी कधी गेलं नव्हतं त्या ऑफिसने, घडीच्या हॉलमधल्या सगळ्या बायकांना एकेक जोड पाठवला होता. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी खास. आणि खोक्यासोबत एक सूचना होती. प्रत्येकीने शुक्रवारपर्यंत आभाराचं पत्र द्यावं. पत्र इंग्रजीत असावं. उत्तम पत्राला बक्षीस.

"वर सगळे इंग्रजीच वाचतात म्हणे," आई म्हणाली.

"मग लिहिणार कोण?" टकळीने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. ते नुसतं ऐकायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या दीड खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा बायका आल्या होत्या. काही कॉटवर, काही जमिनीवर, एक तर पाण्याच्या पिंपाला टेकून. टकळी घरातल्या एकुलत्या एक स्टुलावर पाय हलवत बसली होती, कानामागे पेन खोचलेलं, एखाद्या कोर्टाबाहेरच्या लेखनिकासारखी.

"मावशी, बोला. तुम्हाला काय वाटलं बूट बघून?"

"वाटायचं काय, पाय वाटले बुटात," बुटकी मावशी म्हणाली. "लिही, बूट झकास आहेत, आता तेवढा नवरा बदलून द्या."

"त्यांचं बूट द्यायचं खातं आहे, मावशी. नवऱ्यांचं वेगळं असेल."

"मग तिथे पण एक पत्र लिही."

सगळ्या खिदळल्या. एक म्हणाली, तिचा जोड एक नंबर लहान आहे पण ते लिहू नकोस. दुसरी म्हणाली, सगळ्यांची पत्रं सारखी नकोत, साहेबांना वाटेल नक्कल मारली. टकळीने प्रत्येकीसाठी थोडं फिरवून लिहिलं. कोणासाठी बूट मऊ होते, कोणासाठी हलके, कोणासाठी पांढरेशुभ्र. शेवटी मात्र तिने अकराही पत्रांत 'पुन्हा एकदा आभार' एवढंच लिहिलं आणि प्रत्येक वेळी तिला समासात लाल शाई दिसली. पण अकरा जणींच्या अकरा अधिकच्या गोष्टी शोधायला रात्र पुरली नसती. ती चैन तिने आईच्या पत्रासाठी राखून ठेवली होती.

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या ती त्या पत्राला बसली. दोन कच्चे कागद झाले. बुटांबद्दलचा भाग झरझर उतरला. मग शेवटचा परिच्छेद. समोरच्याने केली, पण मिरवली नाही अशी गोष्ट. टकळीला फार शोधावं लागलंच नाही. तिने लिहिलं की बुटांबद्दल तर आम्ही आभारी आहोतच, पण त्याहून अधिक आभार तुमच्याकडे आमच्या मुकादमबाईंसारखं माणूस आहे याबद्दल. माझ्या पायांच्या गाठी पाहून त्यांनी न बोलता शेवटच्या टेबलामागे मला बसायला जागा करून दिली. एक पालथं क्रेट, त्यावर चार पदरी ब्लँकेट. गेले सात महिने मी तिथे बसून काम करते. जे बूट मला उभं राहायला बळ देतात त्यांचे आभार, आणि ज्या बाईंनी मला बसू दिलं त्यांचे अधिकचे आभार.

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती उठून खोलीत एक फेरी मारून आली. इतकं चांगलं वाक्य आपल्या हातून उतरलं यावर तिचाच विश्वास बसेना. तिने क्रियापदं तपासली, विरामचिन्हं तपासली, शब्दकोश शेजारच्यांकडून मागून आणून दोन शब्द तपासले. एक चूक सापडेल तर शपथ.

आई आल्यावर तिने पत्र तिला उभं राहून वाचून दाखवलं, इंग्रजीतच, आवाजात चढउतार घेत. आई भिंतीला पाय टेकवून ऐकत होती. तिला इंग्रजीतलं स्वतःचं नाव आणि 'थँक यू' एवढंच कळत होतं, आणि 'थँक यू' आलं की ती मान डोलवायची.

"मराठीत सांगू का काय लिहिलंय?"

"नको गं," आई म्हणाली. "असंच छान वाटतंय. चालत्या गाण्यात अर्थ कशाला विचारायचा. दे, कुठे सही करू?"

तिने सही केली. मराठीत, सावकाश, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर नीट रेघ ओढत.

तीन आठवडे गेले. आई घरी येऊन पहिल्यासारखी सांगेनाशी झाली होती, पण टकळीला स्वतःच बोलायला इतकं असे की आईचं गप्प राहणं तिच्या कानांपर्यंत पोचलं नाही. पाय भिंतीला टेकवून आई लवकर झोपायला लागली. एकदा टकळीने विचारलंही, "शिट्टीबाई काय म्हणतात?" आई म्हणाली, "बऱ्या आहेत," आणि कूस बदलली.

मग निरोप आला. उत्तम पत्राचं बक्षीस आईच्या पत्राला. पत्र लिहिणारी मुलगी शाळकरी आहे असं कळल्यामुळे तिलाही शनिवारी दुपारी हॉलमध्ये बोलावलं होतं.

टकळीने गणवेशाला दोनदा इस्त्री केली. सरांना सांगितलं. सरांनी पत्राचा कच्चा कागद मागून घेऊन वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "याला म्हणतात बारकावा." त्या दिवशी टकळी घरी चालत आली की उडत, ते तिलाच माहीत.

धुलाईखाना तिने पहिल्यांदाच आतून पाहिला. घडीचा हॉल खरंच लांब होता. रोलरमधून चादरी सपाट होऊन बाहेर येत होत्या, दोघी दोघी कोपरे धरून एकमेकींकडे चालत येत आणि मागे सरत होत्या, जणू कोणी त्यांना पावलं शिकवली आहेत. सगळ्यांच्या पायांत पांढरे बूट. ऑफिसातले एक साहेब टेबलापाशी सजवलेला जाडजूड शब्दकोश घेऊन उभे होते. त्यांनी कामाला पाच मिनिटांची सुट्टी दिली, पत्रातल्या पहिल्या दोन परिच्छेदांतल्या ओळी वाचल्या, टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजल्या. पण टकळीने ज्या टाळ्यांची स्वप्नं पाहिली होती त्या अशा नव्हत्या. पाऊस थांबल्यावर पन्हाळीतून गळावं तशा त्या थोड्या आल्या आणि संपल्या. शेवटचा परिच्छेद साहेबांनी वाचलाच नाही.

शब्दकोश छातीशी धरून ती शेवटच्या टेबलाकडे गेली. आई तिथे उभी होती. टेबलावर अभ्र्यांचा ढीग, आणि आई वजन एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर टाकत होती. टेबलामागे क्रेट नव्हतं. जमिनीवर चौकोनी जागा तेवढी उजळ होती.

"आई, तुझं बसायचं कुठे गेलं?"

"बक्षीस बघू," आई म्हणाली. "अबब, केवढं जड."

"आणि शिट्टीबाई कुठे आहेत? मला त्यांना दाखवायचंय."

आईने अभ्रा झटकला. शेजारच्या टेबलावरून बुटकी मावशी म्हणाली, "ओल्या बाजूला."

"गप गं तू," आई म्हणाली.

"का गप? पोरगी लहान नाही आता, डिक्शनरी मिळालीय तिला." मावशीच्या हातात घडी थांबली नव्हती. "टकळे, इथे बसायला मनाई आहे. पहिल्या दिवसापासून. बसलेली बाई दिसली तर तिचं नाव जातं वर. ताई दारापाशी उभ्या राहायच्या. साहेब येताना दिसले की दोन बारीक शिट्ट्या. तुझी आई उठायची, क्रेट पायाने टेबलाखाली. सात महिने एका चिमणीला कळलं नाही. मग तू पत्र लिहिलंस."

टकळीने जमिनीवरच्या उजळ चौकोनाकडे पाहिलं.

"एका खात्याने वाचलं, त्यांना रडू आलं म्हणे, त्यांनी बक्षीस दिलं," मावशी म्हणाली. "दुसऱ्या खात्याने वाचलं, त्यांनी क्रेट शोधायला माणूस पाठवला. शोधायची तरी काय गरज, शेवटचं टेबल, मागच्या बाजूला, चार पदरी ब्लँकेट. पत्ता तू दिलाच होतास. तुझ्या आईला तोंडी समज, ताईंना लेखी. शिट्टी काढून घेतली."

"मला तू सांगितलं नाहीस," टकळी आईला म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज बारीक निघाला. "बसायला मनाई आहे हे तू एकदाही सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं असतं त्यात," आई म्हणाली. "पाच मिनिटं झाली. जा तू घरी. भात लावून ठेव."

त्या दिवसापासून टकळीच्या घरी शांतता अशी होती की शेजारच्यांनी येऊन विचारलं, पोर आजारी आहे का. शब्दकोश कॉटखाली गेला. सोमवारी सरांनी विचारलं, "समारंभ कसा झाला?" ती म्हणाली, "चांगला." सर वाट बघत राहिले, पण बारकावा काही आला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दाराशी शिट्टीबाई उभ्या होत्या.

टकळीने त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. उंच, वाळक्या, गळ्यावर दोरी घासून घासून पडलेला फिकट पट्टा. हात मात्र लाल, बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांत पांढरं मलम. आईने धावपळ करून स्टूल पुसलं, पुढे केलं.

"बसा ताई."

त्या बसल्या. आई उभी राहिली. कॉट रिकामी होती, तरी आई उभीच राहिली.

"तूच का ती?" शिट्टीबाई टकळीला म्हणाल्या. "मला वाटलं होतं मोठी असशील. पत्रावरून चाळिशीची बाई वाटतेस."

टकळीने मान खाली घातली. मग एका दमात म्हणाली, "मला माहीत नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं. मला वाटलं तुम्हाला शाबासकी मिळेल. मी फक्त..."

"पुरे," शिट्टीबाई म्हणाल्या. रागाने नाही, गाडी भरली की हात दाखवावा तसं. "मी भांडायला आले नाही. भांडायचं असतं तर पहिल्या आठवड्यात आले असते, तेव्हा ताजं होतं. काम आहे तुझ्याशी." त्यांनी पिशवीतून गेल्या सोमवारी मिळालेला, घडी केलेला एक कागद काढला. भेगांना लागू नये म्हणून तो त्या दोन बोटांच्या टोकांनी धरत होत्या. "वाच. मला कोणी धड सांगत नाही यात काय आहे."

टकळीने वाचलं. इंग्रजी सोपं होतं, एकही शब्द अडला नाही. नियम मोडल्याबद्दल मुकादमपद काढून घेण्यात आलं आहे. सेवेची वर्षं पाहता नोकरीवरून कमी न करता ओल्या बाजूला कायम ठेवण्यात येत आहे. हा निर्णय मान्य असल्याचं आठ दिवसांत इंग्रजीत लेखी कळवावं. न कळवल्यास सेवा संपली असं समजण्यात येईल. आणि खाली, बारीक अक्षरात, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

तिने मराठीत सांगितलं, एक शब्द न गाळता. आता ती काही गाळणार नव्हती.

"म्हणजे उद्या शेवटचा दिवस," आई म्हणाली.

"रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय माझं," शिट्टीबाई म्हणाल्या. "दीड वर्षासाठी मी नाक वर करून घरी बसले तर खाणार काय? लिही. निर्णय मान्य आहे लिही. संधी दिली म्हणून आभार मान. तुझ्यासारखं चांगलं कोणी लिहीत नाही म्हणे. सगळा हॉल सांगतो."

"तुम्ही दुसऱ्या कोणाकडून..." टकळी म्हणाली.

"दुसरं आहे कोण?"

टकळीने वही घेतली. कागद फाडला तो वाकडा फाटला, दुसरा घेतला. तारीख घातली. निर्णय मान्य आहे. इतकी वर्षं पाहून मला कामावर ठेवलंत त्याबद्दल आभारी आहे. प्रत्येक वाक्य लिहून ती ते मराठीत सांगत होती आणि शिट्टीबाई "हं" म्हणत होत्या. बाहेर जिन्यात कोणाचं तरी मूल धडधडत खाली गेलं. आई स्टोव्हपाशी चहाचं आधण बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती.

चार ओळींत पत्र संपत आलं.

"शेवटी पुन्हा एकदा आभार मानतात ना?" शिट्टीबाईंनी विचारलं. "तुझ्या त्या पत्रात होते, साहेब म्हणत होते."

"हो. मानतात."

"मग मान." त्या थोडं पुढे वाकल्या. "पण कशाबद्दल ते लिहू नकोस."

टकळीने लिहिलं, थँक यू वन्स अगेन. पूर्णविराम दिला. पुढे जागा बरीच होती. तिने ती तशीच सोडली.

शिट्टीबाईंनी सही केली. पेन भेगेवर टेकलं तेव्हा त्यांनी श्वास आत ओढला, बाकी काही नाही. मग त्यांनी कागद उचलला आणि सवयीने त्याची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, कोपऱ्याला कोपरा इतका बरोबर की चादर असती तर गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली असती. चहा न पिता त्या उठल्या.

"ताई, चहा तरी," आई म्हणाली.

"नको. उभ्याने घेतला तर जळजळ होते आणि बसायची सवय आता मोडते आहे." दारात त्या वळल्या. "पाय कसे आहेत तुझे?"

"बरे आहेत," आई म्हणाली. डाव्या पायाला, सलवारीखाली, घोट्याच्या वर, पट्टी होती. टकळीला ती आत्ता दिसली.

"बरे नाहीत म्हणूनच विचारलं," शिट्टीबाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

टकळीने स्टूल उचलून आईच्या मागे नेऊन ठेवलं. इतकं जवळ की तिच्या पोटरीला लागलं.

"बस ना आई."

"चहा उतू जाईल."

"मी बघते चहा. बस."

आईने हात पुसले. मग तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, दार लोटलेलं आहे ना ते, आणि कान देऊन जिन्यात कोणाची पावलं नाहीत हे ऐकून घेतलं. त्यानंतर ती बसली, काठावर, लगेच उठता येईल अशी.